टायरपुढचा नारळ

आमच्या मेळाव्यात दरवर्षी नाश्त्याच्या वेळी एक गोष्ट सांगितली जाते. सांगणारे बदलत गेले, गोष्ट तीच राहिली. नव्याने आलेल्यांच्या हातात इडलीची ताटली देऊन कोणीतरी म्हणतं, "गाडीला इंजिन कोणाचंही बसवा, डोकं मात्र स्वतःचं ठेवा. आपल्यातल्याच एकाने बायकोला वेग दाखवायला जुन्या कात्रज घाटात गाडी मोकळी सोडली. स्वतः वाचला. बायको गेली." मग कोणीतरी चटणी मागतं.

ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे माहीत असलेला मी एकटाच होतो, आणि मी ती इतकी वर्षं इडली चावत ऐकत आलो. ज्याच्याबद्दल ती सांगतात तो माझा मित्र होता. तो दीड वर्षापूर्वी, पावसाळ्यात वारला. मीही आता जिन्याचा कठडा धरल्याशिवाय उतरत नाही. तेव्हा खरं काय झालं ते लिहून ठेवतो.

मेळावा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. संक्रांतीनंतरच्या रविवारी कर्वेनगरात एका मंगल कार्यालयामागच्या मैदानावर जुन्या गाड्या कापून, जोडून आपल्या मनासारख्या करणारे लोक जमतात. छप्पर उडवलेल्या जीपा असतात. मागची चाकं रुंद आणि पुढून जमिनीला टेकेल इतक्या बसक्या केलेल्या मोटारी असतात. काहींचं बॉनेटच काढलेलं असतं, म्हणजे आतलं इंजिन लोकांना दिसावं. बँकेतले आहेत, दुकानदार आहेत, एक दातांचे डॉक्टर आहेत. घरच्या मंडळींचं मत साधारण एकच: लोक भंगार विकतात, आमचे हे विकत आणतात. सकाळी मैदानावर गाड्या बघायच्या, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची, इडली-चटणी खायची आणि मग सगळ्यांनी रांगेने स्वारगेटवरून कात्रजला जायचं. जुना घाट चढायचा, बोगद्यातून पलीकडे उतरायचं, तिथे जेवायचं आणि परत यायचं.

पण घाटात कोणी जायचं हे नारळ ठरवायचा.

मैदानावर फक्कीची एक पांढरी रेघ मारलेली असे. गाडीने लांबून वेगात यायचं, रेघेवर आलं की ब्रेक दाबायचा. रेघेच्या पुढे एका ठरावीक दोरीच्या टोकाला नारळ ठेवलेला असे. गाडी नारळाच्या अलीकडे थांबली, तर तोच नारळ गाडीपुढे फोडायचा, प्रसाद वाटायचा आणि घरच्या माणसांना गाडीत बसवून घाटात जायचं. नारळ टायरखाली गेला, तर त्याला आम्ही "चटणी झाली" म्हणत असू. चटणीवाल्याने कात्रजच्या पायथ्यापासून मागे वळायचं, आणि पुढच्या वर्षी सगळ्यांसाठी चटणी आणायची. यावर वाद नसे. "नारळ खोटं बोलत नाही," असं आमच्यात म्हणायची पद्धत होती.

नारळ मी ठेवत असे. मी पिंपरीकडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि ठीक असतील तरच शिक्का मारायचा, हे काम निवृत्तीपर्यंत केलं. कारखान्यात माझ्याशी कोणी फार गोड बोलत नसे, याचा मला अभिमान होता. म्हणून हे कामही माझ्याकडे आलं.

मित्राची गाडी म्हणजे मुंबईतून मोडीत निघालेली काळीपिवळी टॅक्सी. तिच्यात त्याने टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. छप्पर चार बोटं खाली उतरवलं. स्वारगेटजवळ ट्रक रंगवणारा एक पेंटर होता, त्याच्याकडून बॉनेटवर ज्वाळा काढून घेतल्या. त्या पाहून मी म्हटलं, "या ज्वाळा नाहीत, दिवाळीच्या पणत्या आहेत."

तो म्हणाला, "तुझ्या जीपबद्दल मी कधी काही बोललो का? काही गोष्टी माणूस दयेपोटी बोलत नाही."

इंजिन जड, ब्रेक मात्र टॅक्सीचेच. ते बदल, असं मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी." पहिल्या वर्षी त्याच्या गाडीने नारळ चिरडला. दुसऱ्या वर्षीही चिरडला. टायरखाली नारळ फुटतो तेव्हा आधी एक कोरडा आवाज येतो आणि मग पाणी मातीत जिरताना दिसतं. सगळे एकदम "चटणी" म्हणून ओरडायचे. मित्र गाडीतून उतरून टायरकडे न बघता सरळ चहाच्या टेबलाकडे जायचा.

चटणी वहिनी करत. वहिनी म्हणजे त्याची बायको. सकाळी रिक्षातून मोठा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन त्या यायच्या. लोक म्हणायचे, "वहिनी, गाडी दुरुस्त होऊ देऊ नका हो, आमची चटणी बुडेल." त्या हसायच्या. त्या वर्षी संक्रांतीला तिळगूळ द्यायला मी त्यांच्या घरी कोथरूडला गेलो होतो. मित्र गॅलरीत फोनवर बोलत होता. वहिनी पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, "भावजी, पुढच्या वर्षी मला चटणी करायला लावू नका. चटणीचं काही नाही हो, ती काय, मिक्सर करतो. पण हे मग आठ-आठ दिवस बोलत नाहीत. जेवायला बसतात आणि भिंतीकडे बघतात."

मी म्हटलं, "नारळ माझं ऐकत नाही, वहिनी."

"ठेवता तर तुम्हीच," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी इथे स्पष्ट लिहितो. ते माझ्या मनात आलं.

त्या रविवारी हवा कोरडी होती आणि मैदानावर धूळ उडत होती. एकेक गाडी येऊन थांबत होती. मित्राची पाळी आली तेव्हा तो लांब टोकाला गाडी घेऊन गेला आणि उभ्या उभ्या इंजिन जोरात केलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मी दोरी ताणली, टोकाला नारळ ठेवला. मग वाकून तो सरळ करतो आहे असं दाखवत बुटाच्या टोकाने पुढे सरकवला. हातभर. फार तर दीड हात.

गाडी रेघेवर आली, ब्रेक लागले, धूळ उठली. धूळ खाली बसली तेव्हा बंपर नारळाच्या अगदी जवळ होता. नारळ शाबूत होता. दोरीचं टोक जिथे होतं ती जागा मात्र टायरच्या मागे गेली होती. हे मला दिसलं. दुसरीही एक गोष्ट मला कळली, ती कोणाला कळली नाही, कारण सगळे टाळ्या वाजवत होते. पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. एकदाच दाबल्याने ब्रेकचे लायनर तापले होते. सपाट मैदानावर तापले होते.

माझ्या हातात दोरी होती. ती मी गुंडाळून खिशात ठेवली.

मित्राने नारळ फोडला. खोबऱ्याचा पहिला तुकडा त्याने माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बघ, उगाच दोन वर्षं डोकं खाल्लंस." तो लहान मुलासारखा खूश होता. मी तुकडा तोंडात टाकला. निघण्याआधी त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. तो शिव्या घालून पायथ्यापासून मागे फिरला असता, एवढंच झालं असतं. मी सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, हळू चालवेल, आपण मागेच आहोत.

आम्ही निघालो तेव्हा वहिनी गाडीत बसल्या. तोवर त्या कधी बसल्या नव्हत्या, कारण चटणीवाल्याच्या गाडीत घरची माणसं बसवायची नाहीत असा नियम होता आणि त्या नियम पाळणाऱ्या होत्या. संक्रांतीची काळी साडी नेसल्या होत्या. डाव्या बाजूचं दार ओढून घेताना मला म्हणाल्या, "भावजी, तुमच्या नारळाच्या कृपेने आज घाट बघायला मिळणार." दार नीट लागेना. मी बाहेरून जोर देऊन लावलं.

हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे. दार मी लावलं.

चढताना काही झालं नाही. चढताना इंजिनाला काम असतं, ब्रेकला नसतं. बोगद्यात सगळ्यांनी प्रथेप्रमाणे हॉर्न वाजवले. बोगद्यातून बाहेर आलो की उतार लागतो. मी माझ्या जीपमध्ये त्याच्या मागेच होतो. तो दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होता. डिझेल इंजिनाचा तो कण्हल्यासारखा आवाज मला मागे ऐकू येत होता. त्याचे मागचे लाल दिवे सतत लागलेले होते. एकदाही विझले नाहीत. वेग दाखवणारा माणूस ब्रेकवर पाय ठेवून उतरत नाही. दोन वळणं झाल्यावर तोच जळका वास माझ्या जीपमध्ये आला. मी हॉर्न वाजवायला लागलो. पुढच्यांना वाटलं, मी मजेत वाजवतोय. त्यांनीही वाजवले.

मग लाल दिवे लुकलुकायला लागले. तो पेडल मारत होता, पंपासारखं, आणि पेडल खाली जाऊन बसत होतं. त्याने उजवा हात खिडकीबाहेर काढून समोरून येणाऱ्यांना बाजूला होण्याच्या खुणा केल्या. उजवीकडे दरी होती. डावीकडे डोंगर कापून काढलेला खडक. पुढच्या वळणावर एक एसटी वर येत होती. त्याने गाडी खडकाला घासली. एकदा घासली, ती थांबली नाही. दुसऱ्यांदा खडकाचा पुढे आलेला भाग लागला आणि थांबली.

खडकाच्या बाजूला वहिनी होत्या.

पुढे लोक म्हणाले, स्वतःची बाजू वाचवली. वहिनींच्या माहेरचे म्हणाले. त्याची मुलगी तेव्हा कॉलेजात होती, तीही म्हणाली, आणि त्याच्या तोंडावर म्हणाली. त्या रस्त्याला दुसरी बाजू नव्हतीच. दुसरी बाजू म्हणजे एसटी किंवा दरी. मी मागून पाहत होतो, मला ते दिसलं होतं. तेवढं जरी मी तेव्हा ठासून सांगितलं असतं, तरी ती गोष्ट नाश्त्यापर्यंत पोचली नसती. पण ब्रेकबद्दल बोलायचं म्हणजे मैदानाबद्दल बोलणं आलं. पोलिसांना मी सांगितलं की मी बराच मागे होतो.

दवाखान्यात तो डोक्याला पट्टी बांधून पडला होता. मी खुर्चीत बसलो. तो छताकडे बघत होता. मग म्हणाला, "मी सारखा विचार करतोय, ब्रेक का गेले. आणि एक कळलं. ब्रेक ठीकच होते."

"असं का म्हणतोस?"

"तू नारळ ठेवला होतास ना? गाडी थांबली ना? मग गाडी ठीक होती. म्हणजे माझ्याच पायाची चूक. मी वेळेवर दाबला नसणार. घाबरलो असणार."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आता विचार करू नकोस." आणि त्याच्या बाजूची मोसंबी सोलायला घेतली.

माझ्या आयुष्यात मी मारलेला सगळ्यात खोटा शिक्का तो नारळ नव्हे. ते वाक्य. नारळ सरकवताना मला परिणाम माहीत नव्हता. ते वाक्य बोलताना सगळं माहीत होतं.

त्यानंतर मी नारळ ठेवणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. लोकांना वाटलं, मित्राच्या दुःखाने. घरात पूजेचा नारळ मी फोडत नाही. बायको विचारायची, "अहो, सगळ्यांच्या घरी पुरुष फोडतात, तुम्हीच का नाही?" मग तिने विचारणं सोडलं. मित्र मेळाव्याला परत कधी आला नाही. मुलगी बंगळूरला नोकरीला गेली. तिचे फोन सणासुदीलाही येत नसत. मी आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जात असे. आम्ही बुद्धिबळ खेळायचो. तो हरत आला की म्हणायचा, "माझ्या निर्णयांबद्दल तुला काय सांगायचं."

ती गाडी त्याने टाकली नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली ठेवली आणि स्वतःच्या हाताने हळूहळू नीट केली. पुढे मोठ्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवले. ज्वाळा घासून काढल्या. डावं दार दुसऱ्या टॅक्सीचं आणून लावलं, पण त्याला रंग दिला नाही. सगळी गाडी राखाडी, आणि ते एक दार काळं. गाडी त्याने कधीच बाहेर काढली नाही. फक्त दर रविवारी सुरू करायचा, थोडी पुढे घ्यायचा, ब्रेक दाबायचा, मागे घ्यायचा. सोसायटीतले लोक वरून बघायचे. मीही एकदा बघितलं. परत तसं बघायला मी रविवारी गेलो नाही.

तो गेल्यावर मुलगी घर आवरायला आली. आता तिच्याही केसांत पांढरं दिसतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिला गाडी हलवायला सांगितलं होतं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, भंगारात द्यायच्या आधी एकदा तुमच्या मेळाव्यात आणू का? बाबांना मी कधी माफ केलं नाही. पण गाडीने काय केलंय?"

मी म्हटलं, "आण की."

"नारळ तुम्ही ठेवायचा. बाबा म्हणायचे, तुम्ही ठेवलेला नारळ म्हणजे शेवटचा शब्द."

गेल्या वर्षीच्या संक्रांतीनंतरचा हा रविवार. मैदान तेच, पण भोवती इमारती उठल्यात. वरून ड्रोन फिरत होता, तरुण मुलं गाड्यांपुढे रील काढत होती. नाश्त्याला ती माझ्याशेजारीच ताटली घेऊन उभी होती. आणि एका नव्या सभासदाने तिच्यासमोरच ती गोष्ट सुरू केली. ती कोण, हे त्याला माहीत नव्हतं. "स्वतः वाचला," तो म्हणाला. तिने ताटलीतून मान वर केली नाही. इडलीचा घास तिने चटणीत बुडवला आणि तसाच ठेवला.

तिची पाळी आली. माझ्या हातात नारळ दिला गेला. इतक्या वर्षांनी हातात घेतला तेव्हा तो वाटलं त्यापेक्षा जड होता. ती माझ्याबरोबर रेघेपर्यंत चालत आली. मी दोरी ताणली, टोकाला नारळ ठेवला, आणि मला उठता येईना.

"गुडघे का, काका?"

"नाही," मी म्हटलं. "त्या वर्षी नारळ इथे नव्हता."

मी बसल्या जागेवरून सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. तुझ्या आईला चटणी नको होती. मी नारळ सरकवला. वास आला होता. दार मी लावलं. तुझा बाबा वेगात नव्हता, ब्रेकवर पाय होता, आणि त्या वळणावर दुसरी बाजू नव्हती.

ती नारळाकडे बघत होती. म्हणाली, "कुठे ठेवला होता? दाखवा."

मी नारळ उचलून पुढे ठेवला. तिने दोरीचं टोक पाहिलं, मग नारळ पाहिला.

"एवढंच?"

"एवढंच."

"बाबांना सांगितलंत कधी?"

"नाही."

"बुद्धिबळ खेळायला जायचात ना दर आठवड्याला?"

तिने वाकून नारळ उचलला आणि परत दोरीच्या टोकाला, बरोबर जागेवर ठेवला. "बाजूला व्हा," म्हणाली आणि गाडीकडे गेली.

गाडी आली, रेघेवर ब्रेक लागले, आणि ती इतक्या अलीकडे थांबली की नारळ आणि बंपर यांच्यामध्ये एखादं माणूस आडवं झोपलं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी नारळ फोडायला पुढे निघाला. तेवढ्यात ती गाडी मागे घ्यायला लागली. पार टोकापर्यंत मागे नेली आणि परत निघाली. या वेळी रेघ आली, गेली, ब्रेक लागले नाहीत. तो कोरडा आवाज आला.

कोणीही "चटणी" म्हणून ओरडलं नाही.

गाडी माझ्यापाशी येऊन थांबली. ते काळं दार माझ्या बाजूला होतं. त्याच्या खिडकीतून ती माझ्याकडे बघून म्हणाली, "चटणी तुमच्याकडे, काका." आणि रांगेत न लागता मैदानाच्या फाटकातून घराच्या बाजूला निघून गेली.

गाडी तिने भंगारात दिली नाही. अजून सोसायटीच्या त्याच पार्किंगमध्ये आहे. वर्षभर तिचा फोन आला नाही. परवा आला. "मेळाव्याला जाणार ना?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. म्हणाली, "चटणी आणा. आणि ज्यांना बाबांची गोष्ट सांगता येते, त्या सगळ्यांसमोर तुमची सांगा. नाश्त्याच्या वेळीच. सांगून झालं की मी गाडी घेऊन घाटात जाणार आहे. आईच्या जागेवर तुम्ही बसायचं."

मी विचारलं, "ब्रेक तपासून घेतलेस?"

"ते तुम्ही तपासा," ती म्हणाली. "तुमचंच काम आहे ते."

तेव्हा हे लिहिलं आहे, कारण सगळ्यांसमोर माझा आवाज लागेल की नाही, सांगता येत नाही. नाही लागला तर कोणीतरी वाचून दाखवा. उद्या सकाळी मी तिच्या पार्किंगमध्ये जाऊन ती गाडी चाकं काढून बघणार आहे. बायकोला सांगितलं, रविवारी मेळाव्याची चटणी आपल्याकडे आहे. तिने का ते विचारलं नाही. नारळांची पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "फोडायचे तुम्ही."